वस्तीतल्या घरबांधणी संस्थेचं ध्येय आणि मूल्यं: कागदावर नेमकं काय लिहावं?

(चर्चेतल्या प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

साधारण १४० घरांच्या एका वस्तीसाठी ना-नफा घरबांधणी संस्था नोंदवायची तयारी चालू आहे. वस्ती घोषित झोपडपट्टी आहे, जागा महापालिकेची, शहर मुंबई-पुण्याबाहेरचं. बैठकांतून ध्येय-मूल्यांचा हा मसुदा निघाला आहे:

‘सर्वांना परवडणारी, सन्मानाची घरं देणे. निर्णयांत लोकसहभाग. कारभारात पारदर्शकता. महिलांचं सक्षमीकरण. एकाही कुटुंबाला विस्थापित न करणे.’

वाचायला चांगलं आहे. पण पाच वर्षांनी कोणी हा कागद हातात घेऊन दारात उभं राहिलं आणि ‘यातलं काय पाळलंत?’ असं विचारलं, तर मोजून दाखवता येईल असं यात एकही वाक्य नाही. वस्तीचं काम, हिशेब, कायदा, बांधकाम यांपैकी काहीही जाणणाऱ्यांनी एकेक वाक्य फोडून सांगावं. ट्रस्ट की कंपनी, भाडेकरूंचं काय, घर पुढे विकलं तर काय, हे प्रश्नही अजून मोकळेच आहेत.

जोते

‘परवडणारं’ हा शब्द आकड्याशिवाय लिहू नका. बहुतेक ठिकाणी आधी घराची किंमत काढतात आणि मग ती कुटुंबाच्या गळ्यात मारतात. हिशेब मिळकतीपासून सुरू करायचा. तीही वर्षाची सरासरी धरायची, कारण बिगारी आणि रंगारी यांना पावसाळ्यात काम नसतं.

समजा घरात महिन्याला सरासरी १८,००० येतात. निवाऱ्यावर ३० टक्के म्हणजे ५,४००. आता तळ अधिक तीन मजल्यांची इमारत घ्या, एका गाळ्याचा बांधकाम खर्च १२ लाख. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) ०.२५ टक्के, दरवर्षी. म्हणजे ९,००० अधिक ३,०००, महिन्याला १,०००. पंपाची वीज, जिन्यातला दिवा, सफाई, पाणी, घरपट्टी यांचे आणखी ८०० धरा. कर्जाच्या हप्त्याला उरले ३,६००. पंधरा वर्षांच्या कर्जाला १० टक्क्यांनी लाखामागे हप्ता १,०७५ पडतो, म्हणजे ३.३५ लाख कर्ज झेपतं. पगाराची पावती नसलेल्यांना बँक दारात उभं करत नाही, त्यांना गृहवित्त कंपनीच्या १३ टक्क्यांनी लाखामागे १,२६५ पडतात. मग झेपतात जेमतेम २.८५ लाख. अनुदान अडीच लाख धरलं (प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड, राज्याचा एक) तरी १२ लाखांत सहा लाखांच्या वर खड्डा उरतो. तो कोण भरणार याचं उत्तर नसेल, तर ‘परवडणारी’ हा शब्द खोटा ठरतो.

हाच हिशेब बैठ्या किंवा एक मजली घराला लावून पाहा. तीस चौरस मीटरचं घर, गवंडी स्थानिक, खर्च साडेसहा लाख. देखभालीला वर्षाला एक टक्का म्हणजे महिन्याला साधारण ५४०, घरपट्टी-पाणी ३००. हप्त्याला ४,५६० उरतात. तेरा टक्क्यांनी ३.६ लाख कर्ज अधिक अडीच लाख अनुदान मिळून ६.१ लाख. चाळीस हजारांचा फरक बचतीतून भरता येतो. परवडणं हे व्याजदरापेक्षा इमारतीच्या प्रकारावर जास्त ठरतं. म्हणून मसुद्यात असं लिहा: ‘घरखर्चाचा सर्व मिळून मासिक भार कुटुंबाच्या सरासरी मिळकतीच्या ३० टक्क्यांवर जाणार नाही, जात असेल तर आराखडा बदलला जाईल.’

कडप्पा

जोते यांच्या हिशेबाला पुरवणी. घर फुकट मिळालं तरी परवडतंच असं नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत विकासकाने दर गाळ्यामागे २०,००० रुपये ठेवावेत आणि त्याच्या व्याजातून देखभाल व्हावी, अशी तरतूद बरीच वर्षं होती. सात टक्क्यांनी वर्षाला १,४०० होतात, महिन्याला ११७ रुपये. यात लिफ्टचं वार्षिक कंत्राट, पंपाचं रिवाइंडिंग आणि जिन्यांची वीज बसत नाही. थकबाकी वाढते, लिफ्ट बंद पडते, आठव्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरात अडकतात आणि घर विकून किंवा भाड्याने देऊन कुटुंब पुन्हा झोपडीत जातं. नंतर लोक म्हणतात, ‘यांना घरं दिली तरी विकून खातात.’ ही टीका करणाऱ्यांनी देखभालीचं बिल एकदा हातात घेऊन बघावं.

नोंदवही

कायद्याचं बघू. सात किंवा जास्त जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे. दुसरा पर्याय कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ ची कंपनी. वस्तीतल्या माणसांना चालवायची असेल तर पहिला पर्याय सोपा. मात्र विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज गेलाच पाहिजे. तो राहिला की पुढची सगळी कामं अडतात. दहा-दहा वर्षांचे बदल अर्ज तुंबलेल्या संस्था काही कमी नाहीत.

उद्दिष्टांचा शब्दप्रयोग आयकरासाठीही महत्त्वाचा. ‘गरिबांना साहाय्य’ हे उद्दिष्ट वेगळं आणि ‘सर्वसामान्य लोकोपयोगी कार्य’ वेगळं. दुसऱ्या प्रकारात व्यापारासारख्या कामाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली तर करसवलत जाऊ शकते. घरबांधणीत साहित्य पुरवणं, सेवाशुल्क, भाडं या जमा येतातच. म्हणून ‘सर्व नागरिकांना घरे’ असं मोघम लिहू नका. ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांना निवारा’ असं लिहा आणि मिळकतीची मर्यादा नियमावलीत द्या.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे बचत. घराच्या हिश्शासाठी लोकांकडून दरमहा पैसे घेऊन ते ट्रस्टच्या खात्यात ठेवू नका. ती ठेव समजली जाऊ शकते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात बचत गटांना मर्यादेपर्यंत सूट आहे, ट्रस्टला नाही. दहा ते वीस बायकांचे गट करा, खातं गटाच्या नावाने, सह्या तिघींच्या, पासबुक गटाकडे. संस्थेने फक्त हिशेब लिहायला शिकवायचं. मसुद्यात हे एक वाक्य येऊ द्या: ‘संस्था कुटुंबांची बचत स्वतःकडे ठेवणार नाही.’ ‘पारदर्शकता’ या शब्दापेक्षा हे वाक्य जास्त काम करेल.

पदपथ

ध्येय आधी आणि काम नंतर असं या क्षेत्रात फारसं घडलेलं नाही. मुंबईत १९८४ मध्ये स्पार्क ही संस्था सुरू झाली. १९८५ मध्ये पदपथांवर राहणाऱ्यांची मोजणी झाली आणि त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, पण नोटीस देऊन पदपथ मोकळे करता येतील. भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांची महिला मिलन १९८६ ची. जोकिन अर्पुथम यांचं राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचं काम त्याआधीपासूनचं. या तिन्हींनी मिळून जी पद्धत बसवली तिचे दोन खांब: आपली मोजणी आपण करायची आणि रोज दारोदार जाऊन थोडीथोडी बचत गोळा करायची. रोज दार वाजवणाऱ्या बाईला कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलं, कोणाचा नवरा घर विकायला निघालाय, हे सगळं आपोआप कळतं. महिन्यातून एकदा होणाऱ्या बैठकीत हे कळत नाही.

म्हणून ‘लोकसहभाग’ खोडा आणि मोजणीची रीत लिहा. घरांवर आधी खडूने क्रमांक, आराखड्याशी ताडून पाहिल्यावर रंगाने. एका झोपडीत चुली किती ते वेगळं नोंदवा, कारण वर पोटमाळ्यावर थोरल्या मुलाचा संसार असतो आणि यादीत तो हटकून सुटतो. कुलूप असलेल्या घरी तीन वेळा जायचं: सकाळी, रात्री आणि रविवारी. भाडेकरू, एकट्या बायका, दुकान-घर एकत्र असलेले, यांना स्वतंत्र खूण. मग पूर्ण यादी समाजमंदिराच्या भिंतीवर पंधरा दिवस लावायची, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचायची. हरकती लेखी घ्या, पोच द्या. यादीची एक प्रत वस्तीत, एक महापालिकेत. यादी एकट्या पुढाऱ्याच्या घरी राहिली की तिच्यात नावं वाढतात.

उंबरठा

खूप उपयोगी. भाडेकरूंवर मतभेद आहेत. मोजणीत २२ घरांत भाडेकरू निघाले आहेत. मालकांचं म्हणणं, झोपडी आमची, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) आमचा. काय करावं?

नोंदवही

अनुदानाच्या योजना कागदावर चालतात. लाभार्थीच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावाने देशात कुठेही पक्कं घर नको, ही प्रधानमंत्री आवास योजनेची मूळ अट. ज्या मालकाचं दुसरीकडे पक्कं घर आहे तो तिथेच गळतो. पण म्हणून भाडेकरू आपोआप पात्र होत नाही. माझ्या मते संस्थेने या वादात पडू नये. पात्र यादी सरकारी नियमांप्रमाणे ठरू द्यावी.

पदपथ

इथे असहमत. बावीस म्हणजे वस्तीचा सहावा भाग. संस्थेने तोंड फिरवलं की पाडकामाच्या आदल्या आठवड्यात ही कुटुंबं गुपचूप निघून जातात, आणि कागदावर ‘विस्थापन शून्य’ राहतं. किमान तीन गोष्टी संस्थेच्या हातात आहेत. भाडेकरूंची नोंद मोजणीत ठेवणं. मालकाशी करार करताना ‘बांधकामानंतर जुन्या भाडेकरूला आधी विचारणार’ अशी अट घालणं. आणि संस्थेला स्वतःला काही खोल्या भाड्याने देता येतील का ते पाहणं.

नोंदवही

मान्य, नोंद ठेवायला हरकत नाही. भाड्याच्या खोल्यांबाबत मात्र एक गाठ आधीच बांधा. सार्वजनिक न्यासाची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३६. म्हणून करार अकरा महिन्यांचे किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांचे करा आणि नूतनीकरणाचे निकष नियमावलीत लिहा, म्हणजे भाडेकरूला दरवेळी विश्वस्तांच्या मर्जीवर राहावं लागणार नाही.

ओळंबा

बांधकामाची मूल्यं असतात का, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. असतात, आणि ती सिमेंटच्या गोणीत मोजता येतात.

आधी आराखडा. कागदावरचा नकाशा वस्तीत फार कमी जणांना वाचता येतो. मोकळ्या जागेत बांबू आणि जुन्या साड्यांचं घर खऱ्या मापात उभं करा. बायकांना आत चालू द्या, हंडा-कळशी घेऊन. शौचालयाचं दार ओट्यासमोर उघडतंय, मोरी दोघींना कपडे धुवायला पुरत नाही, सिलिंडर बदलताना दार अडतं, हे तिथेच कळतं आणि तेव्हा बदलायला खर्च शून्य. चौदा फूट उंची देऊन पोटमाळ्याची सोय ठेवणं ही मागणीही अशाच पाहणीतून आली. पुण्यात येरवड्याला जागच्या जागी घरबांधणी झाली, तिथेही कुटुंबांशी बोलून घराचे वेगवेगळे प्रकार केले आणि गल्ल्या होत्या तिथेच ठेवल्या.

दाट वस्तीत सर्वांत मोठा धोका शेजारच्या भिंतीचा. पाया एकाच वेळी सगळा खोदला की शेजारची जुनी भिंत सरकते. एक-एक मीटरचे तुकडे करायचे, एक सोडून एक खोदायचे, भरून घट्ट झाल्यावर मधले. पाऊस पडत असताना हे काम करूच नये. गल्ली चार फुटांची असेल तर वाळू-खडी डोक्यावरून न्यावी लागते. ही वाहतूक अंदाजपत्रकात वेगळी धरली नाही की ठेकेदार ती सिमेंटमधून काढतो.

स्लॅबच्या दिवशी संस्थेचा माणूस हजर हवा. एका घराचं काँक्रीट साधारण साडेतीन घनमीटर. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे पाच घनमीटरपर्यंत एक नमुना, म्हणजे ताकद तपासायचे तीन ठोकळे. ठोकळ्यांवर घराचा क्रमांक आणि तारीख. पाणी मारणं (क्युरिंग) साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला दहा, कडक उन्हाळ्यात चौदा. वस्तीत नळाला पाणी तास-दीड तास येतं, म्हणून क्युरिंगचा टँकर आधीच ठरवा. गच्चीवर सिमेंट-वाळूचे वाफे करून पाणी साठवलं तर कमी पाण्यात भागतं. दोन आधारांत साडेचार मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढू नयेत. सेंटरिंगवाल्याला पुढच्या घराची घाई असते, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

गळतीच्या तक्रारी बहुतेक संडास-मोरीतून येतात. लादी बसवण्याआधी नहाणी ट्रॅप (पाणी निघायचं तोंड) बंद करून पाणी भरा, ४८ तास ठेवा, खालून आणि शेजारच्या भिंतीवर ओल बघा. चार इंची पाइपला उतार चाळीसात एक. प्रत्येक वळणावर चेंबर, आणि चेंबर कोणाच्या घरात येणार नाही असा. नाहीतर तुंबल्यावर भांडणं ठरलेली.

मसुद्यासाठी वाक्य: ‘प्रत्येक घरासाठी वापरलेलं सिमेंट, सळई, मजुरी आणि ठोकळ्यांचा निकाल त्या घराच्या दारावर लावला जाईल.’

कडप्पा

पैशाचं वेळापत्रकही लिहा. वैयक्तिक घरकुलात अनुदान कामाच्या टप्प्यांप्रमाणे येतं: जोते, लिंटेल (दार-खिडकीवरची तुळई), छत, प्रत्येक वेळी जागेवरचा फोटो चढल्यानंतर. म्हणजे जोत्यापर्यंतचा खर्च आधी कुटुंबालाच उभा करावा लागतो. इथेच लोक सावकाराकडे जातात. संस्थेने रोख उसनी देऊ नये. डबर, सिमेंट, सळई दारात पोचवावी आणि अनुदानाचा हप्ता आल्यावर किंमत वळती करावी. पुण्यातली शेल्टर असोसिएट्स घरोघरच्या शौचालयांसाठी साहित्य दारात देते आणि बांधकाम कुटुंब करतं. त्या विभागणीतून शिकण्यासारखं आहे. अनुदानाचं खातं कुटुंबाचं जुनं कर्ज नसलेल्या बँकेत उघडा. नाहीतर हप्ता जमा होतो आणि त्याच रात्री थकबाकीत कापला जातो.

काम दिवाळीनंतर सुरू करा. छत मार्चअखेर पडलं तर मे संपायच्या आत माणसं घरात जातात. जूनमध्ये अर्धवट भिंतींवर प्लास्टिक टाकून राहणं हेही विस्थापनच आहे.

आणि ‘महिलांचं सक्षमीकरण’. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर, हे योजनेतच आहे. दोघांच्या नावावर करताना तिचं नाव पहिलं लिहा. सहकारी संस्था झाली तर संयुक्त नावांत मत पहिल्या नावाला असतं. दुसरं नाव लिहिलेली बाई सभेत बसते, पण तिचं मत नवऱ्याने टाकलेलं असतं.

पदपथ

पट्ट्याचा मुद्दा कोणी मांडलाच नाही. वैयक्तिक घरकुलासाठी जागेचा हक्क लागतो. जागा महापालिकेची असेल तर आधी भाडेपट्टा, मग घर. हे काम एक-दोन वर्षं खातं. त्यामुळे संस्थेच्या पहिल्या दोन वर्षांच्या ध्येयात बांधकाम लिहू नका. मोजणी, सीमांकन, पट्टे आणि बचत, एवढंच लिहा.

जोते

पुढच्या विक्रीचं राहिलं. अमेरिकेत व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टनला १९८४ पासून सामुदायिक भूमी न्यासाची पद्धत आहे. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं. विकताना वाढलेल्या किमतीतला २५ टक्के वाटा कुटुंबाला, बाकी घरातच राहतो, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. इथे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही: जागा महापालिकेची आणि दीर्घ भाडेपट्ट्याला कलम ३६ आडवं. पण एक भाग घेता येतो. विकायचं झालं तर आधी साठ दिवस वस्तीतल्या प्रतीक्षायादीला विचारायचं, ही अट करारात घाला. पूर्ण बंदी घालू नका. बंदी असली की व्यवहार मुखत्यारपत्रावर होतात, किंमत पडते आणि आजारपणात घर विकणाऱ्या कुटुंबाचंच नुकसान होतं.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. बदललेला मसुदा:

‘वस्तीतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांना आहे त्या जागी पक्का निवारा मिळवून देणे. घरखर्चाचा मासिक भार सरासरी मिळकतीच्या ३० टक्क्यांत. मोजणीत प्रत्येक चूल, भाडेकरूंसह. यादी पंधरा दिवस जाहीर. बचत गटांच्या खात्यात, संस्थेकडे नाही. घराचा हिशेब घराच्या दारावर. पहिलं नाव बाईचं. बांधकामाच्या काळात प्रत्येक कुटुंबाची वस्तीतच किंवा एक किलोमीटरच्या आत सोय. विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक या प्रकल्पात ठेकेदार किंवा पुरवठादार नसतील.’

नोंदवही

दोन दुरुस्त्या. ‘नातेवाईक’ म्हणजे कोण ते लिहा: नवरा-बायको, आई-वडील, भावंडं, मुलं, त्यांचे जोडीदार. नाहीतर मेहुण्याचं बिल पहिल्याच वर्षी येईल. दुसरं, टक्के, दिवस आणि अंतरं घटनेत घालू नका. घटनादुरुस्तीला धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या होतात. ती नियमावलीत ठेवा आणि नियमावली सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमताने बदलता येईल असं घटनेत लिहा.

ओळंबा

‘एक किलोमीटर’ ठेवताना शाळा आणि रेशन दुकान दोन्ही त्याच्या आत येतात का ते नकाशावर बघून घ्या. मध्ये रेल्वे रूळ किंवा नाला असेल तर अंतर सरळ रेषेत न मोजता चालत मोजा.